दत्तामित्रीचा योनक आणि कराडचा लोहवाणी : बौद्ध लेण्यांतील यवन दाते

नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेण्यांत (ज्यांना आजही सर्रास पांडवलेणी म्हटले जाते) १७ क्रमांकाचे लेणे एका परदेशी माणसाने खोदवून घेतले आहे. हा आपला तर्क नाही, त्याने स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. ओसरीच्या भिंतीवर धम्मलिपीत, म्हणजे ब्राह्मीत, प्राकृत भाषेचा लेख आहे. त्यात दात्याचे नाव इंद्राग्निदत्त. बापाचे नाव धम्मदेव. मुलाचे नाव धम्मरक्षित. गाव दत्तामित्री. तो 'ओतराह' म्हणजे उत्तरेकडचा, आणि 'योनक' म्हणजे यवन, ग्रीक. त्रिरण्हु पर्वतात हे लेणे, आत चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी आपण करवल्या, आईवडिलांसाठी आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी हे लेणे चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दिले, असे तो सांगतो.

एवढ्या मजकुरात तीन पिढ्या, एक शहर, एक जमात आणि एक दान आले. यात नाही ते वर्ण. जात नाही, गोत्र नाही.

सातारा-सांगलीकडच्या तरुणांना नाशिकची ही गोष्ट सांगण्याचे कारण पुढे येईलच. दान देणाऱ्यांच्या ज्या जाळ्यात हा योनक होता, त्याच जाळ्यात कराडचा माणूसही होता आणि त्याचेही नाव दगडावर आहे.

'यवन' म्हणजे कोण?

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. मराठीत बखरींपासून आजच्या भाषणांपर्यंत 'यवन' हा शब्द मुसलमानांसाठी, आणि बहुतेक वेळा तिरस्काराने वापरला जातो. त्यामुळे कार्ल्याच्या स्तंभावर 'यवन' वाचले की काही मुले गोंधळतात. कार्ल्याचे स्तंभ इस्लामच्या उदयाच्या पाचेकशे वर्षे आधीचे आहेत. मूळ शब्द आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून आला. इराणी साम्राज्यात ग्रीकांना 'यौन' म्हणत, पालीत त्याचे 'योन' किंवा 'योनक' झाले, संस्कृतात 'यवन'. सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखात योन, कंबोज, गंधार ही नावे एकत्र येतात. तेराव्या शिलालेखात तर पाच ग्रीक राजांची नावेच आहेत: अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मक आणि अलिकसुंदर. इतिहासकार ज्यांच्या आधारे अशोकाचा काळ पक्का करतात त्यात ही पाच नावे महत्त्वाची आहेत, कारण या राजांच्या कारकिर्दी ग्रीक साधनांतून माहीत आहेत.

त्याच तेराव्या शिलालेखात अशोकाने एक समाजशास्त्रीय निरीक्षण नोंदवले आहे. ब्राह्मण आणि श्रमण हे दोन वर्ग सगळीकडे आहेत, फक्त योनांच्या देशात नाहीत. म्हणजे योनांचा समाज वेगळ्या पद्धतीने रचलेला आहे, हे इ.स.पू. तिसऱ्या शतकात पाटलिपुत्रात बसलेल्या राजाला ठाऊक होते.

दत्तामित्री हे कसले शहर?

दत्तामित्री हे 'देमेत्रियस' या ग्रीक नावाचे आपल्याकडचे रूप. बाख्त्रियाचा ग्रीक राजा देमेत्रियस इ.स.पू. २०० च्या सुमारास हिंदुकुशाच्या दक्षिणेला उतरला. त्याच्या नावाचे शहर अराकोशियात, म्हणजे आजच्या कंदाहारच्या मुलखात असल्याचे खाराक्सचा इसिदोर हा ग्रीक लेखक सांगतो. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत मात्र दात्तामित्री सौवीर देशात, म्हणजे सिंधकडे सांगितली आहे. या नावाची शहरे एकाहून अधिकही असू शकतात. शिकंदराच्या नावाने वसलेली 'अलसंद' तर कितीतरी होती.

अशा शहरात कोण राहत असे, याचे सर्वांत स्पष्ट चित्र अफगाणिस्तानच्या उत्तर टोकाला आय-खानुम येथे मिळाले. १९६० च्या दशकात फ्रेंच उत्खननकर्त्यांनी तिथे अख्खे ग्रीक शहर उघडे केले. नाट्यगृह, व्यायामशाळा, राजवाडा. देल्फीच्या मंदिरातील नीतिवचने क्लेआर्खोस नावाच्या माणसाने तिथून उतरवून आणून इथे दगडावर कोरवली होती. पण घरांची आणि मंदिराची बांधणी पाहिली तर ती निम्मी पूर्वेकडची आहे. शहर ग्रीक, माणसे मिसळलेली.

कंदाहारला तर याहून बोलका दगड मिळाला आहे. सोफितोस नावाच्या, नरातोसच्या मुलाचा. अभ्यासक ही नावे मुळात भारतीय मानतात, सुभूती आणि नारद यांसारखी. हा गृहस्थ अस्सल ग्रीक पद्यात आपली कहाणी सांगतो. घराणे मोडकळीला आले, त्याने दुसऱ्याकडून पैसे घेतले, व्यापारासाठी परमुलखात गेला, पुष्कळ वर्षांनी श्रीमंत होऊन परतला आणि पूर्वजांची समाधी पुन्हा बांधली.

आता दोघांना शेजारी ठेवा. सोफितोसचे नाव भारतीय वाटते, पण तो ग्रीकांच्या शहरात ग्रीक लिहितो. इंद्राग्निदत्ताचे नाव पूर्ण इथले, पण तो स्वतःला योनक म्हणवतो आणि नाशिकला प्राकृतात लिहितो. रक्ताची शुद्धता शोधायला निघालेल्या माणसाला या दोघांपैकी कुणीच कामाचा नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न या इतिहासकाराने तर असे मत मांडले होते की महाराष्ट्रातल्या लेण्यांतील 'यवन' हे मुळात भारतीयच असावेत, ग्रीक शहराचे नागरिक झालेले. सगळ्यांना ते पटले नाही. पण प्रश्न महत्त्वाचा आहे: 'यवन' हे जन्माने ठरते की शहराच्या नागरिकत्वाने?

इंद्राग्निदत्ताच्या घरातली नावेही पाहण्यासारखी आहेत. आजोबा धम्मदेव, नातू धम्मरक्षित, आणि मधला मात्र इंद्र व अग्नी या वैदिक देवतांच्या नावाचा. धम्म स्वीकारलेल्या आपल्या घरांतही एका भावाचे नाव सिद्धार्थ आणि दुसऱ्याचे खंडेराव असते. नावांवरून माणसाची श्रद्धा मोजणारे इथेही चुकतील. त्याची श्रद्धा त्याने पैसे खर्चून डोंगरात कोरून ठेवली आहे.

सह्याद्रीतले बाकीचे यवन

नाशिकचा योनक एकटा नाही. कार्ल्याच्या महाचैत्यात इ.स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात दोन्ही रांगांतले स्तंभ वेगवेगळ्या लोकांनी एकेक करून दिले. त्यात धेनुकाकट गावचे यवन सर्वांत ठळक आहेत: सिंहधय, धम्म, चुलयख, यशवर्धन, धम्मधय. उमेहनाकट गावचा वितसंगत हा आणखी एक यवन. त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केले, तिथल्याच सिंहदत्त या गांधिकाने, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याने दान दिले. सोपाऱ्याचा भिक्खू आहे. कर्नाटकातल्या वैजयंतीचा म्हणजे बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, ज्याने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचा अभिमानाने उल्लेख केला. शेजारच्या विहारात सेतफरणाचा मुलगा हरफरण हा उपासक आहे. नावावरूनच तो इराणी मुलखाकडचा दिसतो. त्याने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक भिक्खूंना दिला.

धेनुकाकट नेमके कुठले यावर विद्वानांची शंभर वर्षे जुंपली आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधत होते, कुणी डहाणूला नेतात, कुणी थेट आंध्रात. मला त्यातली एकच गोष्ट कामाची वाटते. या गावात यवन आणि सुतार शेजारी राहत होते आणि एकाच चैत्याला दान देत होते. यवनाच्या स्तंभाला वेगळी रांग नाही.

जुन्नरला तीन यवन दाते आहेत. मानमोडी डोंगरात चंद नावाच्या यवनाने चैत्याचे दर्शनी काम दिले. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. पोढी हा शब्द कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यासाठी लेण्यांच्या लेखांत सतत येतो. सह्याद्रीच्या डोंगरमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि फाल्गुनापासून घोटभर पाणी मिळत नाही. माण-खटाव, जत-आटपाडीच्या माणसाला पाण्याचे दान म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

हे लोक इथे आले कशाला? उत्तर साधे आहे: धंद्याला. इ.स. च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीवही लिहिली, तिचे नाव 'पेरिप्लस'. त्यात भडोच, कल्याण, चौल ही बंदरे आहेत, देशावरचे पैठण आणि तेर आहेत. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड भडोचला जाई. येताना दारू, तांबे, कथील, काचेचा माल येई. मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, असेही तो लिहितो, म्हणजे हे राजे जाऊन दोनेकशे वर्षे झाल्यावर.

पाणी, भांडे आणि वर्ण

आता मुद्द्यावर येतो. व्यापारी कुठेही जातो, पण परक्या समाजात त्याला जागा कोण देते आणि कोणत्या अटीवर देते?

इ.स.पू. दुसऱ्या शतकातला वैयाकरण पतंजली पाणिनीच्या एका सूत्रावर लिहिताना शूद्रांचे दोन भाग पाडतो. एक ज्यांनी जेवलेले भांडे घासून शुद्ध होते ते, दुसरे ज्यांनी जेवलेले भांडे घासूनही शुद्ध होत नाही ते. पहिल्या गटात तो शक आणि यवन यांना घालतो. दुसऱ्या गटात चांडाल आणि मृतप. एकदा थांबून हे नीट वाचावे. सैन्य घेऊन साकेतापर्यंत धडकलेला यवन, ज्याच्या त्या स्वारीचा उल्लेख खुद्द पतंजलीच्याच ग्रंथात आहे, तो शूद्र ठरतो पण भांड्याला चालतो. पिढ्यान् पिढ्या याच मातीत राबणारा चांडाल मात्र चालत नाही. परकेपणा हा विटाळाचा निकष नव्हताच. सत्ता आणि उपयुक्तता पाहून परक्याला शिडीवर एक पायरी काढून दिली जात होती, आणि घरच्याला शिडीखाली ठेवले जात होते.

पुढे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन, शक, कंबोज, पह्लव, द्रविड, चीन यांची यादी येते. हे मुळात क्षत्रिय, पण संस्कार सोडल्याने आणि ब्राह्मणांशी संबंध न राहिल्याने खाली घसरलेले, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे अख्ख्या जगाला वर्णाच्या कोष्टकात बसवायचे, आणि जो बसत नाही तो 'पतित'.

याच्यासमोर मज्झिम निकायातले अस्सलायन सुत्त ठेवा. श्रावस्तीचा सोळा वर्षांचा हुशार ब्राह्मण तरुण अस्सलायन ब्राह्मण श्रेष्ठ असल्याचा वाद घालायला तथागतांकडे येतो. तथागत त्याला विचारतात की योन आणि कंबोज देशात दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? अस्सलायन हो म्हणतो. मग चार वर्ण हे निसर्गाने ठरवलेले कसे? तुलनात्मक समाजशास्त्राचा हा आपल्या परंपरेतला सर्वांत जुना युक्तिवाद असावा. एका समाजाची रचना दुसऱ्या समाजात सापडत नसेल, तर ती निसर्गाची नसून माणसाने केलेली आहे. सुत्ताच्या संकलनाचा काळ कोणता यावर मतभेद आहेत. युक्तिवादाच्या ताकदीला त्याने बाध येत नाही.

इथे आपल्याच काही कार्यकर्त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. या सुत्तावरून 'ग्रीक समाज समतेचा होता' असे भाषण ठोकू नये. ग्रीक शहरे दासांच्या श्रमावर उभी होती, स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते. तथागतांनी त्या समाजाची भलामण केली नाही, त्याचा पुरावा म्हणून वापर केला. तसेच 'सगळे ग्रीक बौद्ध झाले' हेही खरे नाही. मध्य प्रदेशात विदिशाजवळ बेसनगरला तक्षशिलेचा ग्रीक दूत हेलिओदोर याने उभारलेला गरुडस्तंभ आहे. तो भागवत पंथाचा होता आणि त्याने तसे लिहिले आहे. पुरावा आपल्या बाजूचा नसला तरी सांगितला पाहिजे, नाहीतर पांडवलेणी म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय?

तरीही सह्याद्रीच्या लेण्यांत जे दिसते ते वेगळे आहे. इथे यवन 'यवन' म्हणूनच उभा आहे. उपासक व्हायला त्याला क्षत्रियाची वंशावळ जोडून घ्यावी लागली नाही. ज्या समाजाचे शास्त्रकार त्याला जेवणाच्या भांड्यावरून मोजत होते, त्याच समाजातल्या जुन्नरच्या भिक्खुसंघाने त्याचा भोजनमंडप घेतला आणि त्याच्या टाक्यातले पाणी प्याले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय मागितले गेले ते माहीत असलेल्या वाचकाला इरिलच्या दोन पोढींचा अर्थ वेगळा लागतो.

त्रिरश्मीच्याच डोंगरात विरुद्ध बाजूही कोरलेली आहे. तिसऱ्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक-यवन-पह्लवांचा संहारक म्हटले आहे, अद्वितीय ब्राह्मण म्हटले आहे आणि चार वर्णांचा संकर थांबवल्याबद्दल गौरवले आहे. आणि हा सगळा मजकूर कशात आहे? भद्रायणीय बौद्ध भिक्खूंना लेणे दान दिल्याच्या लेखात! राजसत्तेला वर्णव्यवस्थाही हवी होती आणि संघाचा मानही. या लेण्यापासून थोडे पुढे गेले की १० व्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात हा शक भेटतो, आणि त्याच्याही पुढे १७ व्यात आपला योनक. ज्यांचा संहार केल्याची घोषणा आहे ते शेजारीच दाते म्हणून नोंदलेले आहेत. लढाई राजांची होती. पण संकर थांबवल्याची बढाई वाचताना आठवावे की संकर थांबला नव्हता म्हणूनच तर ती मारावी लागली.

कराड, भारहुत, कुडे

आता आपल्या मुलखात येऊ. कराडचे प्राचीन नाव करहाकट किंवा करहाकड. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे हे शहर किती जुने, याचा पुरावा कराडात नव्हे तर मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात, भारहुतच्या स्तूपावर आहे. १८७३ मध्ये कनिंगहॅमने हा स्तूप शोधला. त्याच्या कठड्याचे मोठे भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यावरच्या दानलेखांत करहाकटच्या निगमाचे, म्हणजे नगराच्या व्यापारी समूहाचे दान नोंदले आहे. अभ्यासक हे करहाकट म्हणजे कराड मानतात. एका माणसाने नाही, शहराने मिळून दिलेले दान, तेही इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपास आणि हजारेक किलोमीटरवरच्या स्तूपाला. भारहुतच्याच कठड्यावर एक योद्धा कोरलेला आहे. कुरळे केस, डोक्याला पट्टी, हातात द्राक्षाचा वेल, कमरेला रुंद तलवार आणि तलवारीच्या म्यानावर त्रिरत्नासारखे चिन्ह. बहुतेक अभ्यासक त्याला यवन मानतात. म्हणजे कराडच्या निगमाने ज्या कठड्याला हात लावला, त्याच कठड्यावर यवन पहारा देत उभा आहे.

दुसरा पुरावा समुद्राकाठी. रायगड जिल्ह्यात मांदाडजवळ, राजपुरीच्या खाडीवर कुड्याची २६ लेणी आहेत. मांदाड म्हणजेच पेरिप्लसमधले 'मंदगोरा' बंदर असे पुष्कळांचे मत आहे. तिथल्या एका लेण्यावर दाता म्हणून महिक या लोहवाणियाचे, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याचे नाव आहे, आणि त्याने आपले गाव सांगितले आहे करहाकड. घाटावरचा लोखंडाचा व्यापारी खाडीच्या बंदरावर काय करत होता हे सांगायला नको.

आपल्याकडे खानापूर, आटपाडी, खटाव भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरातल्या शहरांत पसरले आहेत. पिढ्या तिकडे गेल्या तरी माणूस स्वतःची ओळख विट्याचा, आटपाडीचा अशीच सांगतो आणि देणगीच्या फरशीवर गावाचे नाव घालतो. कुड्याचा महिक, कार्ल्याचा धेनुकाकटवासी यवन, नाशिकचा दत्तामित्रीचा योनक हे सगळे त्याच सवयीची माणसे आहेत. परमुलखात गेलेला माणूस गावाचे नाव सोडत नाही. पण दात्याच्या ओळीत गाव आणि धंदा पुरतो, जात लागत नाही, ही सोय त्यांना संघाने दिली होती.

खुद्द कराडजवळ जखिणवाडीला आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. बरीचशी साधी, छोटी, कोरीव कामाशिवायची. एका चैत्याच्या दाराशी एका बाजूला धम्मचक्राचा आणि दुसऱ्या बाजूला सिंहाचा स्तंभ आहे. एका लेखात गोपालाचा मुलगा संघमित्र याने लेणे दिल्याची नोंद आहे. त्याच्या नावातच संघ आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरवळची आणि वाईजवळ लोहाऱ्याची लेणी आहेत. सहलीच्या बसगाड्या अजिंठा-वेरूळला जातात आणि आगाशिवला कुणी चढत नाही, याची तक्रार किती दिवस करायची!

सांगलीकरांसाठी जवळची जागा आणखी एक आहे. पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी मूर्ती होती. वीतभरही नाही, पण अंगाची घडण अशी की पाहणारा थबकतो. ती टाउन हॉलमधल्या संग्रहालयाची शान आहे. सोबत रोमन बनावटीची इतर भांडी व आरसाही मिळाला. कोल्हापुरातच पूर्वी स्तूपाच्या अवशेषांत अस्थिकरंडक सापडला होता. त्यावर ब्रह्म नावाच्या दात्याचे दान आणि धम्मगुप्ताने ते करवल्याचा लेख आहे. टॉलेमी हा ग्रीक भूगोलकार 'हिप्पोकुरा' या राजधानीत 'बालेओकुरोस' राजा असल्याचे लिहितो. कोल्हापुरात सापडलेल्या नाण्यांवरचा विळिवायकुर तोच, असे अनेक अभ्यासक मानतात.

मूर्तीवरून मात्र फार पुढे जाऊ नये. वस्तू हातोहात प्रवास करते. पोसायडन कोल्हापुरात मिळाला म्हणून कोल्हापुरात ग्रीक राहत होते असे सिद्ध होत नाही. माणसाचा पुरावा लेखातून मिळतो, त्याचे नाव, गाव आणि त्याने काय दिले यातून. म्हणून चित्रफितींपेक्षा दानलेख महत्त्वाचे.

जे इकडून गेले आणि तिकडून आले

संबंध एकतर्फी नव्हते. १९५८ मध्ये कंदाहारला अशोकाचा ग्रीक आणि अरमाईक अशा दोन भाषांतला लेख मिळाला. ग्रीक भागात 'धम्म' या शब्दासाठी 'युसेबिया' हा शब्द योजला आहे, म्हणजे आदरयुक्त सदाचरण. परक्याला धम्म सांगायचा तर त्याच्या भाषेत सांगायचा, ही अशोकाची रीत. आपण मात्र अनेकदा आपल्याच मुलांना पाली गाथा अर्थाशिवाय पाठ करायला लावतो.

महावंसानुसार तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्सांनी दूरदूर धम्मदूत पाठवले. महारट्ठात, म्हणजे आपल्या देशावर, महाधम्मरक्खित आले. अपरांतात, म्हणजे कोकणच्या किनाऱ्याकडे, आले ते धम्मरक्खित, आणि महावंस त्यांना स्पष्टपणे 'योन' म्हणतो. कोकणात धम्म सांगणारा नावाने माहीत असलेला पहिला भिक्खू ग्रीक होता! अपरांताची राजधानी सोपारा. तिथेच अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. धम्मरक्खित हे नाव पुढे इंद्राग्निदत्ताच्या मुलाला मिळालेले दिसते. तो योगायोगही असेल, पण योनक घराण्याने मुलासाठी हे नाव निवडले हे खरे.

आणि मिलिंद. सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट, येथे राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. त्याच्या मृत्यूनंतर वेगवेगळ्या शहरांनी त्याची रक्षा वाटून घेऊन स्मारके बांधली, असे ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो. बुद्धांच्या अस्थींच्या वाटणीशी याचे साम्य कुणालाही दिसेल. भदंत नागसेनांशी त्याचा संवाद 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात आहे. तिथे राजा आपला जन्म अलसंद द्वीपातल्या कलसी गावचा सांगतो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला मिलिंदचे आणि परिसराला नागसेनांचे नाव मिळाले. मराठवाड्यातल्या दलित मुलांच्या कित्येक पिढ्या एका ग्रीक राजाच्या नावाच्या महाविद्यालयात शिकल्या. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव बाबासाहेबांना विद्यार्थ्यांसाठी योग्य वाटले.

कार्ल्याला गेलात तर

एकवीरेच्या गर्दीतून वाट काढत चैत्यात शिरल्यावर थेट स्तूपाकडे जाऊ नका. आधी दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ सावकाश पाहा. लेख छोटे आहेत, एकदोन ओळींचे. विजेरी समोरून न धरता बाजूने धरली की अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि ती उठून दिसतात. स्तंभाला हात लावू नये, खडू किंवा पाणी तर अजिबात नको. 'धेनुकाकटा' हे सुरुवातीला पुष्कळदा येते. त्याच्यापुढे चार अक्षरे शोधा. पहिले मधल्या उभ्या दांड्याचे आणि खाली दोन्हीकडे वळलेल्या गळासारखे, ते 'य'. मग खाली त्रिकोणी किंवा गोल पोट आणि वर दांडी, ते 'व'. मग उलट्या टीसारखे, आडव्या पायावर उभी दांडी, ते 'न'. शेवटी 'स'. 'यवनस', म्हणजे यवनाचे. त्याच्यापुढे त्या माणसाचे नाव असते, आणि मग 'थभो', म्हणजे खांब.